बोर्डावरची हौसा

विनोद सांगून झाला की हौसाबाई विचारायच्या, "मग पुढं?"

आमच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये हंगामात बायकांचे दोन लांब बाक भरलेले असायचे. हातात कात्री, डोक्याला पांढरी टोपी, समोर घड. हात चालू असले की तोंडं चालतात. कुणीतरी दारुड्याचा विनोद सांगायची, की तो प्यायला आणि चुकून शेजाऱ्याच्या घरात जाऊन झोपला, सकाळी उठून शेजाऱ्यालाच म्हणाला, तू इथं काय करतोस. सगळ्या खिदळायच्या. हौसाबाई सडका मणी कापून टाकायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "आन् त्याची बायको? तिला कुनी कळवलं का न्हाई?"

"हौसाबाई, जोक हाय त्यो!"

"आसंल. पन ती रातभर जागीच बसली आसंल ना."

विनोद तिथंच मरायचा. नव्या मुलींना वाटायचं, ही बाई मुद्दाम करते. मुद्दाम नव्हतं. विनोदातली माणसं त्यांना खरीच वाटायची आणि त्यांची काळजी लागायची.

गंमत अशी, की त्या होत्या मुरलीभाऊंच्या बायको. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत त्या काळात मुरलीभाऊ माहीत नाहीत असं माणूस नव्हतं. पिंपळवंडीत आमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. तमाशातले सोंगाडे. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. पंच फडमालकाला आधी विचारायचे, "मुरली हाय का?" असेल तरच पुढचं बोलणं.

लोकांना मुरलीभाऊंची बतावणी हवी असे. बतावणी म्हणजे सरदार आणि सोंगाड्या यांचे सवालजवाब. त्यांची कॅसेट रसवंतीवर, टेम्पोत, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे लागायची, त्यामुळे मलाही पाठ झाली होती. सरदार विचारायचा, "काय रं, घरी कोन कोन?"

"मी हाय, म्हातारी हाय, आन् आमची हौसा हाय."

"हौसा? ही कोन?"

"बायकू, सरदार. लई हौसेनं केली, म्हनून नाव ठिवलं हौसा."

मग ते थांबायचे. ढोलकीही थांबायची. मुरलीभाऊ टोपी काढून छातीशी धरायचे, वर बघायचे आणि असा काही उसासा टाकायचे, की "हौसा, हौस फिटली गं!" हे वाक्य त्यांच्याआधी पब्लिकच म्हणायचं. त्याच्या पुढची गंमत म्हणजे, हौसा बारा वर्षं गरोदर आहे.

"बारा वर्सं? आन् पोरगं?"

"पोरगं यष्टीनं यायचंय, सरदार. वाट बघतुया. आली न्हाई अजून मढची गाडी."

गाव बदलेल तशी गाडी बदलायची. ज्या गावाची एसटी वेळेवर येत नाही, नेमकी तिचंच नाव. त्यामुळे प्रत्येक गावाला वाटायचं, बतावणी आपल्यासाठीच बांधली आहे. मला हसू यायचं. माणूस कसबी होता, यात वाद नाही. तेच शब्द दुसऱ्या कुणी म्हटले तर नुसते शब्द राहायचे.

हौसाबाई शेडमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नावं लिहून घेत होते. त्यांनी "हौसा मुरलीधर" एवढं म्हटलं आणि बाक हसला. मागून कुणीतरी "हौस फिटली गं" असं म्हटलंच. फाट्यावर रस्ता ओलांडताना ट्रक जाईपर्यंत आपण थांबतो, तशा त्या थांबल्या. रागावल्या नाहीत, ओशाळल्या नाहीत. हसणं संपल्यावर आडनाव सांगितलं. सगळीकडे हेच. कंडक्टर तिकीट देताना म्हणायचा, रेशन दुकानात मापाडी म्हणायचा. देवळात हळदीकुंकवाला उखाणा घ्यायची वेळ आली की बायका आधीच तोंडाला पदर लावायच्या. खरं म्हणजे आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, "अगं" नाहीतर "ऐकलं का" म्हणतो. मुरलीभाऊही घरात "ऐकलं का" असंच म्हणायचे. नाव फक्त बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर.

हौसा हे त्यांचं माहेरचं नाव नव्हे. माहेरी त्या शेवंता. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं नवं नाव लिहायचं असतं, त्यात मुरलीभाऊंनी "हौसा" लिहिलं. घरच्यांनी लक्ष्मी ठरवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

"मला तवा लई बरं वाटलं व्हतं," हौसाबाई मला एकदा म्हणाल्या. "म्हटलं, मानसानं आपल्यासाठी येक शब्द शोधून आनला."

त्यांना हसूच येत नव्हतं असंही नाही. एकदा शेडच्या दाराशी कोंबडी आली, पाण्याच्या घमेल्यात वाकून बघायला गेली आणि स्वतःलाच बघून दचकून उडाली. हौसाबाई अशा हसायला लागल्या, की कात्री खाली ठेवून बाकाला धरून बसल्या. डोळ्यांतून पाणी. आम्ही कोंबडी सोडून त्यांच्याकडे बघत होतो. ती कोंबडी पुन्हा येईल म्हणून नंतर दोन दिवस त्या दाराकडे बघत होत्या.

मुरलीभाऊ घरी असले, म्हणजे दोन सुपाऱ्यांच्या मधे फडाला सुट्टी असली, की सायकलवरून त्यांना न्यायला यायचे. बोर्डावर मोठा दिसणारा माणूस जवळून अगदी किडकिडीत होता. बोलणं कमी. लोक त्यांना बघून आधीच हसायला लागायचे, त्यामुळे ते शेडच्या मागच्या बाजूला रिकाम्या क्रेटवर बसायचे. एकदा तिथं चहा द्यायला मीच गेले आणि सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"मुरलीभाऊ, ते गरोदरपणाचं बोलणं काढून टाकता येत नाही का? बाकी विनोद काय कमी आहेत तुमच्याकडे?"

हौसाबाईंची दोन मुलं गेली होती. पहिलं पोटातच. दुसरं, मुलगा, जन्मला आणि संध्याकाळपर्यंतही राहिला नाही. पुढं काही झालं नाही. हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि कॅसेटही सगळे ऐकत होते.

मुरलीभाऊंनी कप खाली ठेवला. "वहिनी, तो इनोद न्हाई. म्हंजे नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा गेला तेव्हा फड दूर नगर भागात होता. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू होती. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तमाशा दिवसाउजेडी पुन्हा थोडा वेळ होतो, त्याला हजेरी म्हणतात. मुरलीभाऊ पावडर लावून कनातीमागे उभे, तेवढ्यात गावाकडचा माणूस निरोप घेऊन आला. आणि ढोलकीनं बोलावलं. ते बोर्डावर गेले.

"सरदार रोजच्यावानी म्हनला, काय रं, घरचं बरं हाय का? मला पुढचं काय आठवंना. तोंडातनं आलं, हौसा, हौस फिटली गं. मी रडत व्हतो, वहिनी. आन् लोकं आशी हसली, आशी हसली की विचारू नका. टोप्या उडवल्या. मालक म्हनला, मुरल्या, ह्ये ठिव."

"आणि तुम्ही ठेवलं."

"फुडच्या गावानं मागितलं." कप पुन्हा उचलून म्हणाले, "यष्टीचं मागनं जोडलं. ती वाट बघत बसायची ना दारात, मी कवा येतुया म्हनून. त्यावरनं."

हे हौसाबाईंना माहीत होतं का, ते मी त्यांनाच विचारलं. त्या घड उजेडात धरून बघत होत्या.

"माहीत हाय की. पयल्यांदा बोलले ते खरं व्हतं, वहिनी. त्येच रोज बोलाया लागले, मंग ते कुनाचंच ऱ्हायलं न्हाई."

एवढंच. पुढचा घड उचलला.

त्यांचं माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला. जुनं गाव धरणात गेलं, नवं वर वसलं. तिथं गाडी दिवसातून कधी येईल याचा भरवसा नाही, पण हौसाबाई वर्षातून दोनदा तरी जायच्या. चार दिवस राहून आल्या की अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं दिसायचं. तिथं त्या शेवंताच होत्या. जावई तमाशात आहे हे गावाला माहीत होतं, त्याची कॅसेटही तिथं वाजायची. पण हौसा म्हणजे आपली शेवंता हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ताटातलं नाव लग्नाला आलेल्या चार म्हाताऱ्यांनी वाचलं असेल, तेवढंच. त्यांच्या लेखी हौसा ही बोर्डावरची बाई, सोंगाड्याच्या डोक्यातली.

"तितं मला कुनी हसत न्हाई," त्या म्हणायच्या. "शेवंता म्हनलं की लोकं वळून बघत्यात, काय काम हाय म्हनून. बास."

त्या वर्षी त्या गावानं यात्रेची सुपारी मुरलीभाऊंच्या फडाला दिली. जावयाचा मान म्हणून आणि शेजारच्या गावाची जिरवायची म्हणून. हौसाबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस कामावर आल्या नाहीत. मग आल्या आणि मला म्हणाल्या, "यात्रंला या, वहिनी. मटनाचं जेवान हाय. आन् मला सोबत व्हईल."

त्यांनी नवऱ्याला कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं. आमच्या जीपमधून जाताना त्यांनीच मला सांगितलं. "म्हनलं, बाकी सगळ्या जगात हौसा म्हना. या येका गावात नगं. आईच्या म्होरं नगं. त्यांनी व्हय म्हनलं. देवाच्या पायावर हात ठिवून म्हनलं."

आदल्या रात्रीचा तमाशा नीट पार पडला होता. रात्री वगच मोठा होता, बतावणी उरकती घेतली. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा हजेरी लागायची होती. वडाखाली ट्रकच्या फळ्यांचा बोर्ड, पुढं पुरुष, एका अंगाला बायका. हौसाबाईंची आई पुढंच बसली होती, पितळी चष्मा लावून, लेकीचा हात धरून. तिच्या पलीकडे हौसाबाई, अलीकडे मी.

बतावणी सुरू झाली. सरदारानं विचारलं, "काय रं, घरी कोन कोन?"

"मी हाय, म्हातारी हाय, आन् गोठ्यात म्हस हाय." मुरलीभाऊंनी म्हशीचं चांगलं रंगवलं. लोक हसले, पण ते वाट बघत होते. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "हौसा कुठं हाय रं?" दुसरा म्हणाला, "माहेराला गेली का?" मग शिट्ट्या. "हौसा! हौसा!" सगळं वडाखाली घुमायला लागलं. सरदारालाही काय करावं कळेना. मुरलीभाऊ म्हशीवर दोन वाक्यं अजून बोलले. पंचांतला एक उठून उभा राहिला.

म्हातारीच्या पलीकडे हौसाबाई अगदी ताठ बसल्या होत्या.

मुरलीभाऊंच्या मनात काय चाललं होतं ते मी नंतर त्यांच्याकडूनच ऐकलं. हौसा म्हणायचं नाही एवढंच डोक्यात होतं. हौसा नाही, दुसरं कुठलंही नाव. गंगा, जना, काहीही चाललं असतं. पण बतावणीत शब्द विचार करून येत नाहीत, जिभेवर असेल ते येतं. आणि त्यांच्या जिभेवर बाईची दुसरी नावं नव्हतीच.

"बायकू हाय, सरदार!" ते म्हणाले. "आमची शेवंता!"

पुरुषांकडून हसण्याचा लोट आला. नवं नाव, नवी गंमत. आणि जीभ सुटलेली होती, ती पुढं गेली. "बारा वर्सं गरोदर हाय, आन् पोरगं डिंब्याच्या गाडीनं..."

बायकांच्या बाजूचं हसणं मधेच थांबलं. एकदम नाही. जिला जसं कळलं तसं थांबत गेलं. त्या गावात शेवंता एकच होती, आणि तिची दोन गेलेली मुलं तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होती. पुरुष अजून हसत होते. मुरलीभाऊ मात्र बोर्डावर तोंड उघडं ठेवून उभे होते. ढोलकीवाल्यानं प्रसंग ओळखून जोरात थाप मारली, सरदारानं कमरेची तलवार उपसून काहीतरी डायलॉग सुरू केला.

हौसाबाईंची आई लेकीकडे वळली. म्हातारीला ऐकू कमी यायचं. तिचा चेहरा लाजल्यासारखा झाला होता.

"तुजं नाव घितलं गं पावन्यानं," ती म्हणाली. "येवढ्या लोकांत."

"व्हय, आई," हौसाबाई म्हणाल्या.

त्या उठून गेल्या नाहीत. हजेरी संपेपर्यंत बसल्या. जेवणावळीत वाढायलाही होत्या. आम्ही जीपमधून परत निघालो. घोडेगाव मागे पडल्यावर त्या आपण होऊन म्हणाल्या, "चुकून झालं. मला ठावं हाय. पन येक करा वहिनी, आता मला नावानं हाक मारू नका. दोनी वापरून झाली."

तेव्हापासून शेडमध्ये आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो, माझ्याहून मोठ्या बायकाही. इथं मी हौसाबाई लिहिते आहे, कारण नावाशिवाय लिहिता येत नाही.

पुढच्या संक्रांतीला त्या माहेरी जाऊन दुसऱ्याच दिवशी परत आल्या. काय झालं म्हणून विचारलं. म्हणाल्या, फाट्यावर दुकानदाराच्या सुनेनं विचारलं, "शेवंताताई, यष्टी आली का?"

"अहो, तिनं गाडीचंच विचारलं असेल," मी म्हटलं.

"आसंल की. गाडीचंच विचारलं आसंल." त्या कात्री पुसत होत्या. "पन मला कळंना ना, वहिनी. आता कधीच कळायचं न्हाई."

नंतर त्या गेल्या नाहीत. आईलाच इकडे आणायच्या.

मुरलीभाऊंनी बतावणीतली हौसा त्या हजेरीनंतर बंद केली. शेवंताचा तर प्रश्नच नव्हता. पुढच्या गावी लोकांनी ओरडून मागितलं, त्यांनी म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या गावी खडे आले. पुढचे दोन हंगाम फडमालकानं त्यांना ठेवलं, मग वयाचं कारण सांगून सोडलं. वय काही झालं नव्हतं. तोवर घरोघर टीव्ही आले होते आणि लोकांना हसायला दुसरी माणसं मिळाली होती, हिंदी बोलणारी. मुरलीभाऊ घरी बसले. अंगण झाडायचे, पाणी भरायचे, दुपारी बायकोचा डबा घेऊन शेडवर यायचे. डबा देऊन झाला तरी तिथंच घुटमळायचे.

"त्यांना सांगा ना, वहिनी," हौसाबाई मला म्हणाल्या होत्या, "म्हना पुन्यांदा काय म्हनायचं ते. मी बंद करा म्हनलं न्हवतं. येका गावाचं म्हनलं व्हतं."

मी सांगितलं. मुरलीभाऊ नुसते हसले. तेवढंच एकदा मी त्यांना पावडर न लावता हसताना पाहिलं, आणि ते बघायला बरं नव्हतं.

ते गेले ते झोपेतच, वर्षभरानं. दहाव्याला नदीच्या घाटावर ही गर्दी. आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात. पिंड मांडलेला, कावळ्याची वाट बघणं चालू, आणि माईकवर एकेक जण श्रद्धांजली वाहतो. एकानं तर मुरलीभाऊंची अर्धी बतावणीच म्हणून दाखवली. नको तिथं लोक हसले आणि लगेच गप्प झाले. ऊन चढलं. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

मग नेहमीप्रमाणे आर्जवं सुरू झाली. पुतण्यानं काकूला सांभाळीन म्हणून शब्द दिला. कावळा नाही. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, जवळच्या माणसानं बोलून दाखवा. इतक्यात फडातले जुने सरदार पुढं आले. आता पार वाकलेले, डोळ्यांत पाणी. माणूस मनापासून बोलत होता, हे सांगायला हवं.

"वहिनी," ते हौसाबाईंना हात जोडून म्हणाले, "बोर्डावर मरायचं व्हतं त्याला. त्याचं त्ये वाक्य ऐकल्याबिगर त्यो जायचा न्हाई. तुमी म्हना येकदा. तुमच्या तोंडनं. शिवंल बगा कावळा."

घाटावर सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मागच्या रांगेत दोघंतिघं आधीच ओठ दाबून उभे होते.

हौसाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मागच्या रांगेकडे बघितलं, मग सरदारांकडे.

"न्हाई म्हनायची," त्या म्हणाल्या. "येवढी वर्सं मला हसली लोकं. आज त्यांचा दिस हाय. त्यांना हसाया नगं." आणि भटजींना म्हणाल्या, "दर्भाचा करा."

कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तसं केलं. लोकांना ते आवडलं नाही, कुजबुज झाली, पण उन्हानं सगळे कावले होते. जेवणं वरच्या मांडवात होती. गर्दी तिकडे गेली. मी हौसाबाईंना भांडी गोळा करायला थांबले.

त्या नदीत तांब्या विसळत होत्या. वर माईकवर कुणीतरी पंगती बसवत होतं. तेवढ्यात झाडावरचा एक कावळा खाली आला, पायरीवर दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून इकडं तिकडं बघितलं आणि पिंडाला चोच लावली. मग नीट पाय रोवून खायला लागला.

मी उठले. "वर सांगू का? बोलावते सगळ्यांना."

हौसाबाईंनी ओल्या हातानं माझा पदर धरला.

"नगं, वहिनी. कुनी न्हाई तवर खाऊ द्या त्यांना."